हवेचा बंदोबस्त

वाळूत गाडी घालण्यापूर्वी चाकांतली हवा सोडायची असते, असं भाच्याने सांगितलं तेव्हा मी काही वेळ नुसता त्याच्याकडे पाहत राहिलो. आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य हवा कमी होईल या धास्तीत गेलेलं. सायकल बाहेर काढली की आधी अंगठ्याने टायर दाबायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचं. आणि हा मुलगा जैसलमेरच्या पुढे, समच्या वाळूच्या टेकड्यांपाशी उभा राहून चारही चाकांतली चांगली पस्तीस हवा फुस्स करून पंधरा-सोळावर आणतो. वाळू संपून डांबर लागलं की तेवढीच परत भरायची, म्हणून आता गाडीतच कॉम्प्रेसर बसवायचा. आजवर घरात झालेल्या सगळ्या खर्चांत हा सर्वांत निराकार खर्च आहे, असं ताईचं मत पडलं.

हवा सोडण्यामागे शास्त्र आहे, हे मात्र कबूल करायला हवं. गाडीचं वजन तेवढंच राहतं. पण हवा निम्मी झाली की टायर सैलावतो आणि जमिनीवर लांबट पसरतो. तोच भार मोठ्या जागेवर वाटला जातो आणि चाक वाळूत रुतायचं थांबतं. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्याने १९२०-३० च्या दशकांत फोर्डच्या साध्या मोटारी लिबियाच्या वाळवंटातून अशाच सैल टायरांवर हाकल्या. रुतलेली चाकं उपसता उपसता त्याला वाळूचाच लळा लागला असावा. कारण १९४१ मध्ये त्याने वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ लिहिला. माणसं कशात रुततील आणि तिथून काय घेऊन वर येतील, सांगता येत नाही. डांबरावर मात्र हा सैलपणा चालत नाही. प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दुमडते, तापते आणि वेग वाढला की फाटते. म्हणून वाळवंटाच्या वेशीवर पुन्हा ताठ व्हावं लागतं.

गाडी म्हणजे इसुझूची व्ही-क्रॉस. पुढे घर, मागे हौदा. हा हौदा वाळवंटासाठी घेतला असला तरी सोसायटीच्या दृष्टीने तो फ्रिज, सोफे आणि गणपतीची मखरं यांच्यासाठीच देवाने निर्माण केला आहे. पण माझं लक्ष नेहमी जातं ते स्टिअरिंगजवळच्या आंधळ्या बटणांकडे. बटणासारखी चौकोनी झाकणं, दाबली तर काहीच होत नाही. वरच्या मॉडेलमध्ये तिथे काहीतरी असतं. आपल्या गाडीत फक्त त्याची जागा असते. आपण काय घेतलं नाही याची इतकी सभ्य आणि कायमची आठवण दुसरी कुठली वस्तू देत नसेल. भाच्याने कॉम्प्रेसर आणण्याआधी त्यातल्या एका झाकणाच्या मापाचं खरं बटण आणून ठेवलं होतं, तेव्हाच मला त्याचं मन कळलं.

बसवण्याचा कार्यक्रम रविवारी पार्किंगमध्ये झाला. नाना पेठेतून ब्रॅकेट, रिले आणि करंगळीएवढी जाड लाल वायर आली, पाठोपाठ ओळखीतला ऑटो-इलेक्ट्रिशियनही आला. कॉम्प्रेसर कुठे द्यायचा यावर बराच वेळ स्थळ पाहिल्यासारखी चर्चा झाली. इंजिनाशेजारचं घर सोयीचं, बॅटरी हाकेवर, पण माणसं तापट. गाडीच्या पोटाखाली जागा ऐसपैस, पण चिखलपाण्याची शाश्वती नाही. हौद्यात द्यावा तर माहेर लांब, वायर जितकी लांब तितका विजेचा जोर वाटेत गळतो. शेवटी बॅटरीच्या बाजूला, इंजिनाच्या उष्णतेपासून जमेल तितकं सरकून, जागा ठरली. हवा आत ओढायची नळी उंच नेली, नाहीतर यंत्र पहिला श्वास धुळीचा घ्यायचं. हेडलाइटच्या एका बल्बला पाचएक अँपिअर पुरतात. हे प्रकरण जोरात आलं की तीसच्या वर मागतं. म्हणून डॅशबोर्डवरचं बटण फक्त रिलेला इशारा करतं, आणि खरी वीज बॅटरीतून परस्पर जाते. पुष्कळ कचेऱ्या अशाच चालतात. फ्यूज कॉम्प्रेसरजवळ का नाही, बॅटरीला चिकटून का, असं मी विचारलं. इलेक्ट्रिशियन पाना न थांबवता म्हणाला, "काका, फ्यूज मशीनसाठी नसतो. वायरसाठी असतो. मधे कुठे घासली तर पेटेल ना."

सांध्यांवर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळून झाल्यावर बटण दाबलं. पार्किंगमधली दोन मांजरं आणि एक निवृत्त बँक मॅनेजर दचकले. मग इलेक्ट्रिशियनने वाटीत साबण कालवून एकेका सांध्यावर फेस लावला. तिसऱ्या सांध्यावर मोहरीएवढा बुडबुडा आला, मोठा झाला, त्याच्यावर ट्यूबलाइटची रेघ उमटली आणि तो फुटला. अर्धा पीळ आवळल्यावर दुसरा आला नाही. मी सहज यंत्राच्या डोक्याला हात लावायला गेलो, तर भाचा ओरडलाच, "मामा, चटका बसेल!" हवा दाबली की तापते, हे मला ठाऊक होतं. लहानपणी सायकलच्या पंपाचं खालचं टोक असंच गरम व्हायचं आणि आम्ही समजायचो की ती आपल्या अंगातली ताकद आहे.

तो पंपही आमचा नव्हता. दुकानाबाहेर साखळीने बांधलेला असे. स्वतः मारलं तर फुकट, दुकानदाराने मारलं तर पैसे. हवेच्या व्यवहाराला तेव्हापासूनच काही ताळतंत्र नाही. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यावी असा नियम आहे. यंत्रावर 'बंद आहे' अशी पाटीही बहुतेक ठिकाणी असते. नायट्रोजनचे मात्र पैसे पडतात, जणू साध्या हवेत तो शेकडा ७८ नाहीच. खुद्द जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी फार खडखडते म्हणून त्याने तिच्या चाकांवर हवेची रबरी नळी चढवली, आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. पुढे कळलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने तेच चाळीसएक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलं होतं. पेटंट गेलं, नाव राहिलं. मुलाच्या बुडाला धक्के बसू नयेत एवढ्यावरून जग हवेवर चालायला लागलं, हे मला आजही फार गोड वाटतं.

भाच्याचा हेतू एकच होता, कुणावर अवलंबून राहायचं नाही. झालं उलटंच. पहिल्यांदा वॉचमनची सायकल आली, मग पोरांचे फुटबॉल, मग पाहुण्यांसाठीची हवेची गादी. ताईनेही पाळणाघरातला रबरी हत्ती फुगवून घेतला आणि खर्चाबद्दलची आपली पूर्वीची टीका न मागे घेता नुसती बंद केली. वाळवंट वर्षातून एकदा, सोसायटी रोज.

आणि परवा, दर गुरुवारप्रमाणे वीज गेलेली असताना, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला अण्णा स्वतः दारात आला. त्याचा कॉम्प्रेसर विजेवरचा, टाकीतली हवा संपलेली, आणि एक रिक्षा खोळंबलेली. भाच्याने अभिमानाने बॉनेट उघडलं, नळी जोडली, हवा भरली. अण्णाने खिशातून आपला जुना गेज काढून टायरला लावला, एकदा भाच्याच्या चकचकीत डायलकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचा दोन जास्त दाखवतो. उद्या लाईट आल्यावर घेऊन या, बघून देतो."