मटकीचा शिनेमा

"मॅडम, रागावणार नसाल तर एक विचारू? शाळेत पोरं मोबाईलवर शिनेमे काढायलेत म्हणे!"

"हो काकू, चौथीची."

"तरीच! माझी भिजवलेली मटकी नातू मूठभर घेऊन पळाला. म्हणे, हिची शूटिंग हाय. सिल्लोडच्या बाजारात मटकी फुकट मिळती का? अन् तिला मोड आलेले आम्ही काय कमी पाहिले?"

"आलेले पाहिले. येताना पाहिलेत का? मोबाईल एका जागी बांधून ठेवलाय. दर दहा मिनिटांनी एक फोटो, पोरांच्या पाळ्या लावल्यात. ते भराभर पळवले की मोड डोळ्यांदेखत वर येतो. सेकंदाला दहा धरले तरी अर्ध्या मिनिटाला तीनशे फोटो. हिशेब पोरांनीच केला."

"अन् रात्री कोण काढतंय?"

"कुणीच नाही! म्हणून सकाळी मोड एकदम टुणकन उडी मारतो. का, तेही पोरांनीच ओळखलं. खूळ माझं नाही हो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणला, पण पैसा कोण लावणार? मग कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं. वाढणारं रोप पाहून भांडवल मिळालं, अन् पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला."

"बायको काही बोलली नाही?"

"सरस्वतीबाई? फिल्म धुवायला त्याच होत्या. दागिनेही गहाण पडले."

"घ्या! नाव त्याचं, सोनं तिचं."

"तेही सांगते वर्गात."

"पण शिनेमा शिकवायला आपल्याकडं अजिंठा हाय की. पोरं जातात अन् सेल्फी काढून येतात."

"तिथंही नेणार आहे. पहिल्या लेण्यातला महाजनक राजा बघा, कुठं महालात बसलाय, कुठं महाल सोडून निघालाय. एकाच भिंतीवर तोच माणूस पुन्हा पुन्हा. पोरांना तिथं गोष्ट कुठून कुठं सरकते ते शोधायला लावायचं."

"सरकार नाही का करत असलं काही?"

"पुण्यात बालचित्रवाणी होती, १९८४ पासून. २०१७ साली तिला कुलूप लागलं. कार्यक्रम चांगले असायचे, पण बनवायची मोठी माणसं, पोरांनी नुसतं बघायचं. रीलचं तरी दुसरं काय आहे?"

"खरंय बाई. परवा मला बिबट्याचा व्हिडिओ आला, आपल्याच शिवारातला म्हणून. मी दार लावून बसले. नातू म्हणतो, आजी, यात मधी कापलंय, रस्ता बघ, एकदम बदलला."

"मग? ज्यानं स्वतः जोडलंय त्यालाच जोड दिसतो. मोबाईल हातातून काढून घेतला असता तर हे कळलं असतं त्याला?"

"ते राहू द्या, माझी मटकी कधी देता?"

"भरून देते. तुमचा जुना मोबाईल कपाटात पडलाय ना? काच फुटलेली चालेल, कॅमेरा तेवढा धड हवा. तो उद्या नातवाबरोबर शाळेत पाठवा."