बिनचष्म्याचा कर्नाळा

आमच्या खिडकीसमोर एक डोंगर होता. उलव्यात फ्लॅट घेतला तो त्या डोंगराकडे बघून. मग विमानतळ आला. नव्वदेक मीटर उंचीचा तो डोंगर सुरुंग लावून सपाट झाला, उलवे नदीला नवी वाट काढून दिली गेली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. मधल्या काळात दहा गावं उठली. त्या माणसांपुढे माझ्या खिडकीचं रडगाणं काय गावं! तरीही हिला मी अधूनमधून सांगतोच, की आपल्या चिऊच्या डोंगरवेडाला सर्वस्वी सरकार जबाबदार आहे. घरासमोरचा तेवढा एक ठेवला असता, तर पोरगी त्याच्यावर चढून दुपारच्या वरणभाताला घरी आली असती.

चिऊ सत्तावीस वर्षांची आहे. सोमवार ते शुक्रवार ती महाप्यात संगणकासमोर बसते. शनिवारी रात्री ती दोर भरते. दोर भरतानाचा तो खणखण आवाज, कॅराबिनर म्हणतात त्या कड्यांचा, आमच्या घरात पूर्वी फक्त पूजेच्या वेळी यायचा. आता तो आला की ही देवासमोर बसते आणि मी गॅस बंद आहे का ते चार वेळा बघतो.

मी स्वभावाने जपणारा माणूस. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा लॉकर विभागात. मौल्यवान वस्तू कशी ठेवावी याबद्दल माझी मतं ठाम आहेत. जाड दार, त्याला दोन किल्ल्या, एक गिऱ्हाइकाकडे आणि एक आपल्याकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय उघडायचं नाही. चिऊने ही पद्धत वयाच्या पाचव्या वर्षीच मोडीत काढली. कपाटावर चढून.

सरकारने पालकांच्या हिताचा एकच निर्णय घेतला आहे. अटल सेतू आमच्या उशापासून सुटतो, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, २१.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. नाहीतर चिऊ रोज समुद्रावरून गेली असती आणि मी रोज भरतीची वेळ बघितली असती.

आता हे सगळं मी तक्रारीच्या सुरात सांगतोय, पण खारकोपर स्टेशनवर मला कुणी ऐकलं तर वेगळंच चित्र दिसेल. आमच्या मार्गावरची एक लोकल चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर ओळख, मैत्री आणि सोयरीक उरकून होते. तेवढ्या वेळात मी अनोळखी माणसाला कलावंतीण, लिंगाणा, वानरलिंगी सगळं फोटोंसकट दाखवतो. शिवाय साताऱ्याच्या प्रियांका मोहितेची गोष्ट सांगतो. २०१३ साली एव्हरेस्ट, २०२२ साली कांचनगंगा, आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं चढलेली पहिली भारतीय स्त्री. हे मी अशा थाटात सांगतो, जणू मोहित्यांच्या मुलीला पहिला डबा आमच्याकडूनच गेला होता.

घरी मात्र चिऊसमोर एक शब्द नाही. आमच्या घराण्यात कौतुक तक्रारीच्या वेशातच बाहेर पडतं. मी मॅट्रिकला शाळेत पहिला आलो तेव्हा वडील म्हणाले होते, "अक्षर सुधार." ते त्या रात्री शेजाऱ्यांना पेढे वाटत होते, हे मला वीस वर्षांनी कळलं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी चिऊ म्हणाली, "रविवारी कर्नाळ्याचा अंगठा आहे."

गोवा महामार्गावरून जाताना डोंगराच्या डोक्यावर जो दगडी अंगठा दिसतो, तोच हा. उंची सव्वाशे ते दीडशे फूट, मोजणारा खाली आहे की वर यावर अवलंबून. मी म्हणालो, "मी येतो."

"बाबा, तुम्ही काय करणार तिथे?"

"बघणार."

तिने हिच्याकडे बघितलं, हिने छताकडे बघितलं. ठराव मंजूर झाला.

ग्रुप पहाटे चारला मोटारसायकलींवरून गेला. मी सात वाजता निघालो, रिक्षाने पनवेल आणि तिथून पेणकडे जाणारी एसटी. सामान मोजकंच होतं. पाण्याच्या दोन बाटल्या, चिवडा, केळी, छत्री (जानेवारीत), बँडेज, ग्लुकोज, आणि गुडघ्यांना बाम. तो घरूनच चोळून निघालो होतो. सढळ हाताने. एसटीत शेजारचे गृहस्थ शिरढोणपर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते.

शिरढोण आलं आणि मी टोपी काढली. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे गाव. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. आजोबा अनंतराव याच कर्नाळ्याचे किल्लेदार, १८१८ मध्ये इंग्रजांशी लढले. नातू पुढे सशस्त्र बंड करून एडनच्या तुरुंगात गेला, तिथलं दार बिजागऱ्यांसकट उखडून पळाला, पकडला गेला आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारला. हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. मला मात्र दुसरीच गोष्ट सोडत नाही. फडके पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरीला असताना आई आजारी पडली. त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. गावी पोचले तेव्हा आई गेली होती. बँकेत मीही बरेच रजेचे अर्ज परत पाठवले आहेत. 'कारण समाधानकारक नाही' असा शेरा मारून. एसटी शिरढोण सोडून पुढे गेली तरी मी टोपी हातातच धरून बसलो होतो.

कर्नाळा अभयारण्यात पक्ष्यांच्या दीडशेच्या वर जाती आहेत. मला कावळा दिसला.

चढण दीड तासाची आहे असं पाटी नव्हे, पण वाटेत भेटलेली पोरं म्हणाली. मला अडीच तास लागले. कर्णाई देवीच्या देवळाशी मी देवीपेक्षा पायरीचं दर्शन जास्त वेळ घेतलं. शेवटी वर पोचलो. समोर तो अंगठा, एकदम अंगावर आल्यासारखा. पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारं, आणि शिरस्त्राणं घातलेली दहाबारा मुलं. सगळी मला सारखीच दिसली. त्यातलं एक शिरस्त्राण हात हलवून दोराकडे वळलं. ती चिऊ असावी.

त्यांचा म्होरक्या माझ्याजवळ आला. दोन पावलांवर थांबला. हवेत नाक फिरवलं.

"काका, तुम्ही काय लावलंय?"

"बाम. गुडघ्यांना."

त्याने हळूच सुळक्याच्या पलीकडच्या अंगाकडे बोट दाखवलं. "तिकडे आग्या मोहोळं आहेत. उग्र वास, धूर, अत्तर काही चालत नाही. तुम्ही प्लीज त्या बुरुजापाशी बसा."

अशा रीतीने लेकीच्या काळजीने डोंगर चढलेला बाप, लेकीच्या जिवाला असलेला सर्वांत मोठा धोका म्हणून हद्दपार झाला.

बुरुजापाशी बसलो, घाम पुसायला चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पिशवीतून चिवडा काढला. पुढचं सगळं तीन सेकंदांत झालं. मागून एक हात आला, काळपट, केसाळ, आणि बँकेतल्या कुठल्याही कॅशियरपेक्षा चपळ. माझा अंदाज, त्याला चिवडा हवा होता. हाती चष्मा लागला. माकडाने चोरीतही निराशा लपवली नाही. तटावर बसून त्याने चष्मा चाटला, एक काडी चावली, ती थुंकली.

माझा नंबर उणे सहा. काचा प्रोग्रेसिव्ह. किंमत सांगत नाही, हीही वाचेल. मी केळं पुढे केलं. माकडाने केळं घेतलं. चष्मा सोडला नाही. मी दुसरं केळं पुढे केलं, तेही घेतलं. लॉकर विभागात असा व्यवहार झाला असता तर मला निलंबित केलं असतं. मग मी छत्री उघडली, फाटकन! माकड दचकलं, टाक्यांच्या दिशेने पळालं, आणि 'डुबुक' असा एक छोटा, सुबक आवाज आला.

चष्मा टाक्यात. कुठल्या टाक्यात, ते बघायला चष्मा हवा.

जग आता लोण्याचं झालं होतं. आकाश निळं लोणी, सुळका काळं लोणी. अशा वेळी नेमका हिचा फोन यावा हा आमच्या संसाराचा नियम आहे.

"अहो, दिसतेय का?"

आता 'माकडाने चष्मा नेला' हे तेहतीस वर्षं संसार केलेल्या बाईला सांगायचं धैर्य माझ्यात नाही. मी डोळे बारीक केले. काळ्या लोण्याच्या कडेला, बऱ्याच उंचीवर, एक केशरी ठिपका होता.

"दिसतेय ना! अर्ध्याच्या वर गेलीये. केशरी कपड्यात."

"केशरी? ती निळा टीशर्ट घालून गेलीये."

"वर जाकीट घातलं असेल."

"काय करतेय?"

"थांबलीये. विश्रांती घेतेय. तोल काय आहे गं तिचा! जराही हलत नाही."

दहा मिनिटांनी परत फोन. ठिपका तिथेच. "अजून थांबलीये?" "अगं, पुढचा टप्पा अवघड आहे. विचार करतेय." मला अंगठ्याच्या टप्प्यांविषयी काहीही माहिती नव्हती, पण क्रिकेटचं समालोचन लहानपणी रेडिओवर ऐकलेलं होतं. "आता थोडी हलली. वाऱ्याने."

"वाऱ्याने?" ही किंचाळली.

तेवढ्यात वरून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "टेन्शन!"

मी इकडून ओरडलो, "मलाही!"

खसखस पिकली. एक मुलगा धावत आला. "काका, 'टेन्शन' म्हणजे दोर ताणून धर. ओरडू नका, बिलेवाल्याला ऐकू येत नाही." मग माझ्या नजरेच्या रोखाने त्याने वर बघितलं. "तुम्ही तिकडे काय बघताय?"

"चिऊ."

"काका," तो फार हळुवारपणे म्हणाला, "तो भगवा आहे."

चाळीस मिनिटं मी झेंड्याच्या संयमाचं कौतुक करत होतो.

"मग ती कुठेय?"

"खालीच आहे ना. बिले देतेय. वर लीडला आमचा एक मित्र आहे, त्याचा दोर तिच्या हातात आहे."

मी बाटल्यांतलं सगळं पाणी ओतून गुडघे धुतले. म्होरक्याने वास घेतला आणि मला प्रवेश दिला. दहा पावलांवर एक निळा आकार होता, मान वर. मी तिच्या मागे एका दगडावर बसलो. हाक मारली नाही.

दोर तिच्या हातांतून सरकल्याचा आवाज येत होता. वीतभर वर, थांब. वीतभर वर, थांब. मधेच ती म्हणायची, "आहे रे, मी आहे." एवढंच. वर लोंबकळणारा तो मुलगा कुणाचा तरी होता. पेणला, कल्याणला, कुठेतरी त्याचे आईबाप रविवारचं जेवण करत असतील. त्यांना कुठे ठाऊक, की मुलाचा जीव या क्षणी आमच्या चिऊच्या तळहातात आहे. मी आयुष्यभर लोकांचा ऐवज सांभाळला तो दार लावून. ही कुणाचा तरी ऐवज उघड्यावर टांगून सांभाळत होती. तासभर तिने मान खाली केली नाही.

मग तिची पाळी आली. ती चढली. मला काहीही दिसलं नाही.

हिचा फोन आला तेव्हा मी खरं सांगून टाकलं, माकडासकट. मला वाटलं होतं आता माझं काही खरं नाही. पण ही थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आवाज येतोय का तिचा?"

"येतोय."

"मग फोन तिकडे धरा."

मी फोन उंच करून सुळक्याकडे धरला. वरून चिऊचा आवाज आला, "दोर दे... अजून... बस." मग दगडावर धातूचा खणखणाट. मग बराच वेळ नुसता वारा. उलव्यात स्वयंपाकघरात एक बाई आणि कर्नाळ्यावर एक आंधळा माणूस, दोघं एकच वारा ऐकत होतो. आणि मग फार वरून, हसत, धापा टाकत, "पोचले!"

फोनमधून हुंदक्यासारखं काहीतरी आलं. नंतर म्हणाली, "जेवायला किती वाजता येणार विचारा."

खाली उतरल्यावर चिऊला चष्म्याची हकिगत कळली. ती पोट धरून हसली, कमरेला दोर बांधून टाक्यात उतरली आणि तिसऱ्या डुबकीत चष्मा घेऊन वर आली. काचा शाबूत, काडी एकच. तिने खिशातून लाल-काळ्या दोरीचा तुकडा काढला, गेलेल्या काडीच्या जागी एक गाठ मारली, उरलेल्या काडीला दुसरी, आणि चष्मा माझ्या डोक्यामागून बांधला. जग पुन्हा कडांसकट उभं राहिलं. मला पहिल्यांदा दिसले ते तिचे तळहात. लालबुंद, दोराने सोलवटलेले.

तिच्याकडे बघून मी बरंच काही बोलणार होतो.

"हातमोजे कुठायत तुझे?" मी खेकसलो.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आईला फोन लावला. "आई, बाबा जाम खूश आहेत."

याला आता दोन महिने झाले. ही रोज म्हणते, नवी फ्रेम घ्या. माझं उत्तर, वेळ मिळत नाही. खारकोपरला लोकलची वाट बघताना लोक विचारतात, चष्म्याला ही दोरी कसली? कुणी विचारलं नाही, तर मी वळून पाठ करून उभा राहतो. गाठ मागे आहे.