एकच वस्तू राहिलीय

रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला की नाव बघायची गरज नसते.

"झोपलाव का?" लातूरहून सर विचारतात. त्या वेळी नांदेडला मी दुसरं काय करत असणार? पण उत्तराशी त्यांना देणंघेणं नसतं. "ऐका. होडीचं सगळं जमलंय. एकच वस्तू राहिलीय."

ही एकच वस्तू २०१३ सालापासून राहिलेली आहे. दर खेपेला ती वेगळी असते, एवढंच.

असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असणार. पेटी शिकायच्या आधी पेटीला मखमली खोळ शिवून घेणारा, शुगर निघायच्या आधी शुगर मोजायचं यंत्र आणणारा. आमच्या सरांनी मासेमारी निवडली. तीही साधी गळ टाकून काठावर बसायची नव्हे. ट्रोलिंग. होडी सावकाश चालवायची, मागे दोरीवर चमकणारा खोटा मासा ओढत न्यायचा, आणि खऱ्या माशाने तो जखमी समजून झडप घालायची, असा तो प्रकार. सुरुवातीला सरांनी घरात जाहीर केलं की, "मी आता रिटायर होऊन ट्रोलिंग करणार." तेव्हा त्यांच्या पुतणीने घाईघाईने त्यांना फेसबुकवर ब्लॉक केलं होतं.

सरांनी लातूरला तीस वर्षं बारावीला फिजिक्स शिकवलं. लातूर पॅटर्न त्यांच्या रक्तातच. अभ्यासक्रम लवकर उरकायचा आणि मग चाचणी, सराव चाचणी, सराव चाचणीची सराव चाचणी. मासेमारीलाही त्यांनी हाच पॅटर्न लावला. फरक एवढाच की बोर्डाची परीक्षा तारीख ठरवून येते, माशाची येत नाही. त्यामुळे सराव चाचण्याच चालू राहिल्या.

होडी मात्र खरी आहे. कुठल्याशा बागेतला नौकाविहार बंद पडला, तिथली बारा फुटी फायबरची होडी सरांनी भंगाराच्या भावात उचलली. तिच्या कुशीवर अजून अक्षरं वाचता येतात: 'स्वतःच्या जबाबदारीवर बसावे'. मी ती सूचना वेळीच मनावर घ्यायला हवी होती.

मग सामान यायला लागलं. गळकाठी उभी खोचायचे होल्डर. सोडलेली दोरी फुटांत मोजणारी रीळ. दोरी होडीपासून बाजूला पांगवणाऱ्या फळ्या. बारा व्होल्टची मोटर, जिची ताकद हॉर्सपॉवरमध्ये न सांगता पौंडांत सांगतात, आणि का सांगतात ते सर पाऊण तास सांगतात. मोटरीला बॅटरी हवी. ती दीडशे अँपिअर-अवरची आली, घरच्या इन्व्हर्टरला लागली आणि तिथेच राहिली. "लाइट गेली तर मासे पंखा लावणार आहेत का?" असं वहिनींनी विचारलं, आणि फिजिक्समध्ये याला उत्तर नव्हतं.

एकदा फोन आला की एकच वस्तू राहिलीय, स्विव्हल. तुमच्या नांदेडात मिळेल. खोटा मासा ओढताना गरगर फिरतो, दोरीला पीळ बसतो, तो बसू नये म्हणून मधे ही फिरती कडी. वजिराबादच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी पंधरा मिनिटं हातवारे केले. दुकानदार म्हणाला, "असं म्हणा की भोवरकडी पाहिजे," आणि म्हशीच्या साखळीची मुठीएवढी कडी माझ्या हातात ठेवली. माळेगावच्या जत्रेत जनावरांच्या बाजारात हीच टोपलीभर असते. मी ती लातूरला नेऊन दिली. सरांनी खिशातून आपला नमुना काढला. तांदळाच्या दाण्याएवढा. दोन्ही कड्या तळहातावर शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तत्त्व एकच आहे."

त्याच दिवशी मला दोरी भरायला बसवलं. पूर्ण दुपार. नव्या दोरीच्या बंडलातून पेन्सिल आरपार घालायची, ती दोन्ही हातांनी धरून मी गल्लीच्या एका टोकाला उभा. दुसऱ्या टोकाला सर रीळ फिरवतायत. मधे वहिनींचं जुनं लुगड्याचं फडकं ओलं करून दोरी त्यातून जाऊ द्यायची, म्हणजे ताण बसतो. ताण कमी पडला तर रिळावर दोरी सैल बसते आणि ऐनवेळी स्वतःच्याच पोटात रुतते. दोनशे मीटर. मधून एक स्कूटर, दोन शेळ्या आणि एक लग्नाची पत्रिका वाटणारं कुटुंब गेलं. प्रत्येकाने विचारलं, "काय करायलाव सर?" प्रत्येकाला सरांनी घर्षणापासून सांगितलं. शेवटी पेन्सिल तापली होती, हे मात्र मी शपथेवर सांगतो.

त्या संध्याकाळी मी विचारायचं धाडस केलं, "सर, मांजरा धरणात मासे कोणते?"

"राहू, कटला, मृगळ. मत्स्यबीज सोडतात ना."

आता हे तिघे खातात काय? राहू शेवाळ आणि पाणवनस्पतींवर जगतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळून खातो. मृगळ तळाचा गाळ उकरतो. म्हणजे तिघेही जवळजवळ माळकरी. त्यांच्या पुढून चमचमता खोटा मासा ओढत नेणं म्हणजे वारीच्या वाटेवर मटणाचं ताट फिरवण्यासारखंच. झडप घालणारी एक मरळ आहे, पण ती काठच्या गवतात राहते. तिथे मोटर नेली तर पंख्यात मरळ येणार नाही, गवत येईल.

सर शांतपणे म्हणाले, "म्हणूनच डाउनरिगर मागवलाय."

डाउनरिगर म्हणजे होडीच्या काठावर बसवायचा छोटा रहाट. त्याला तार, तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळच्या चिमट्यात गळाची दोरी अडकवायची आणि पाहिजे त्या खोलीला सोडायची. मासा लागला की चिमटा सुटतो. अमेरिकेत मिशिगन सरोवरात १९६६ साली कोहो सामन सोडले, आणि त्यांच्या मागे लागलेल्या होड्यांवर हे यंत्र रुळलं. ते सरोवर २८१ मीटर खोल. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की मासा गारव्याला खाली जातो, म्हणून गळही खाली न्यायचा. आमच्याकडे उन्हाळ्यात मासा खाली जात नाही. पाणी जातं.

आणि ते गेलंच. मांजऱ्याचा उपयुक्त साठा तसा १७७ दलघमीच्या आसपास. केज तालुक्यात धनेगावला धरण, लातूर शहर त्याच्यावर जगतं. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथे भेगाळलेला गाळ होता. टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये लातुरात १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी रुळावरून आलं आणि लोक स्टेशनात ते बघायला उभे राहिले.

त्या आठवड्यात सरांचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मला झोप लागेना. शेवटी मीच गाडी काढली आणि लोहा-अहमदपूर करत लातूर गाठलं.

होडी अंगणात होती, जुन्या टायरांवर चढवलेली. आत पाणी होतं, काठोकाठ. टँकर गल्लीत यायचा तेव्हा अर्ध्या घरांत माणूस नसायचा, आणि ज्यांच्याकडे माणूस असायचा त्यांच्याकडे भांडी नसायची. सरांनी टँकरवाल्याला सांगून होडीच भरून घ्यायला सुरुवात केली होती. हजारेक लिटर बसत होतं. गळकाठीच्या होल्डरमध्ये टँकरचा पाइप खोचलेला. होडीच्या बुडाशी मागे पाणी काढायला एक भोक असतं, त्याचं बूच काढून तिथे पितळी तोटी बसवलेली. आणि सर हातात हजेरीचं जुनं रजिस्टर घेऊन खुर्चीवर.

"रोल नंबर सात. दोन घागरी. आठ, पाटलीणबाई कुठायत?"

समोरच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. त्यांच्या गॅलरीच्या कठड्याला डाउनरिगर बसवला होता. शिशाचा गोळा काढून टाकलेला, त्या जागी पाच लिटरचा कॅन. आजी वरून रहाट फिरवत होत्या आणि रिळाचा आकडा मोठ्याने वाचत होत्या. मिशिगनमध्ये या यंत्राचा असा वापर कुणी केला असेल असं वाटत नाही.

दुपार झाली, ऊन तापलं, मी म्हटलं, सर, जेवून घ्या आता.

"थांबा हो," ते रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले. "एकच घर राहिलंय."

एका घराचं दुसरं घर होत गेलं. जेवायला चार वाजले. मी त्यांच्यावर चिडलो नाही, याची नोंद माझ्याच नावावर असावी.

त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरलं. नोव्हेंबरात सरांचा फोन आला, साडेसहालाच. "झोपलाव का? एकच वस्तू राहिलीय, पण चला." हा 'पण चला' मी तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

टेम्पोत होडी घालून धनेगावला गेलो. तिथल्या मच्छीमार संस्थेच्या माणसाला सांगून होडी पाण्यात सोडली. बॅटरी आणली होती, वहिनींनी संध्याकाळी सातच्या आत परत करण्याच्या अटीवर दिलेली. होल्डरमध्ये दोन गळकाठ्या, मागे दोन खोटे मासे, रिळावर साठ फूट. ताशी तीन-चार किलोमीटरने आम्ही निघालो. सर मोबाइलवर वेग बघत होते. "तीन पूर्णांक दोन," ते पुटपुटले, आणि त्यांचा चेहरा पहिला निकाल लागलेल्या मुलासारखा झाला होता. पाण्यावर ऊन होतं. कोणी काही विचारत नव्हतं. वीसेक मिनिटं खरोखर छान गेली.

मग माझे पाय ओले झाले.

मी खाली पाहिलं. सरांनी वेग पाहिला, तो तीनच्या खाली आलेला. "लोड वाढलाय," ते म्हणाले. "मासा लागला."

थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढणारा एक पोरगा शांतपणे आमच्याकडे आला. होडीच्या मागे वाकून बघत म्हणाला, "सर, तुमच्या नावंला नळ हाय का?"

तोटी. उन्हाळ्यात आतलं पाणी बाहेर देणारी तोटी आता बाहेरचं आत घेत होती. टेम्पोत चढवताना कुणाचा तरी धक्का लागून उघडली असणार. पोराने दोन बोटांनी ती पिळून बंद केली, आम्हाला काठाला लावलं, आणि जाळ्यातून एक कटला काढून समोर धरला. सरांनी आपला डिजिटल काटा काढून तो तोलला. दोन किलो, शंभर ग्रॅम. रोख पैसे देऊन विकत घेतला.

"मी म्हणत होतो ना," परतीच्या वाटेवर पॅन्ट पिळत सर म्हणाले, "एकच वस्तू राहिलीय. बूच."

त्यानंतर बूच मिळालं. नांदेडातच, मीच शोधलं, आठवडाभर फिरून. पितळेचं, वॉशरसकट. लातूरला गेलो आणि म्हटलं, काढा ती तोटी, बसवून टाकू. सरांनी बूच उलटसुलट करून बघितलं, खिशात टाकलं आणि दोरीच्या एका नव्या प्रकाराबद्दल बोलायला लागले. मी पुन्हा तोटीचा विषय काढला.

"राहू द्या," ते म्हणाले. "मांजऱ्याचा काय भरवसा."

होडी अजून अंगणात टायरांवर आहे. तोटी तिला तशीच आहे, आणि बूच सरांच्या खिशात.