फटक फटक निसर्ग

अंबडच्या माणसाला बाग म्हटलं की पैठणचं ज्ञानेश्वर उद्यान आठवतं. त्यामुळे मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीच्या उकिरड्यावर जंगल उभं आहे असं ऐकल्यावर मामा हटूनच बसले, "मला दाखव." मामांची मोसंबीची बाग. माती अन् खत या बाबतीत ते कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाहीत.

जालन्याहून देवगिरी एक्सप्रेस, मग दादर, मग सायन. धारावी डेपोसमोर महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं फाटक. आत चार पावलं गेलो आणि माझ्या उजव्या बुटाने मगरीसारखा जबडा उघडला.

बूट आठवडी बाजारातला. घासाघीस करून मी किंमत निम्म्यावर आणली होती; विकणाऱ्याने बहुधा डिंकही निम्माच लावला असावा. पाऊल टाकलं की फटक. पुढे दुर्बिणी लावलेली मंडळी श्वास रोखून झाडाकडे बघत होती. फटक. पक्षी उडाला. दुर्बिणी माझ्याकडे वळल्या. दुसऱ्या वाटेने सटकलो, तर ती फिरून त्याच मंडळींपाशी. फटक. आता तर एक काका हात जोडून म्हणाले, "साहेब, जरा उभेच राहता का?"

मामांच्या पिशवीच्या तोंडाची सुतळी सोडून बूट बांधला. तोंड सुटल्याबरोबर अंबडची मोसंबी उताराने गडगडत गेली आणि फुलपाखराचा फोटो काढणाऱ्या बाईंच्या पायाशी थांबली. फुलपाखरू गेलं. बाईंनी काय म्हटलं ते छापता येणार नाही.

एवढ्या गोंधळात मामा खाली बसले होते. इथे 1970च्या दशकापर्यंत मुंबईचा कचरा पडायचा. 1983 साली पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते पहिलं झाड लागलं, 1994 साली उद्यान खुलं झालं. एकूण 37 एकर. मामांनी मूठभर माती उचलून हुंगली. मामी गेल्यापासून त्यांच्या तोंडून कशाचं कौतुक ऐकलं नव्हतं. म्हणाले, "जमीन सुधारली की रं."

पलीकडे मिठीचा वास मात्र नाकात बसतो. 26 जुलै 2005ला याच नदीने मुंबई बुडवली, तरी आपण तिच्यात घाण सोडतोच. जमिनीची माफी मागितली, पाण्याची कधी मागणार?

बूट धारावीतच शिवून घेतला. चामड्याच्या कामात तिथली माणसं पटाईत. जाणार असाल तर सकाळी जा. झोपाळे, भेळ काही मिळायचं नाही. आणि बूट शिवलेला घाला, चिकटवलेला नको.