छापील बंदुकीचा परवाना

2025 च्या ऑक्टोबरात गडचिरोलीत नक्षलवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. पुढच्याच महिन्यात आमच्या गोंदियातही असाच कार्यक्रम झाला. खऱ्या बंदुका अशा रांगेने जमा होत असताना जिल्ह्यातल्याच केशोरीच्या आठवडी बाजारात नव्या बंदुकांची आवक मात्र जोरात आहे. एके-47 आहे, दुर्बीणवाली रायफल आहे, 'केजीएफ'मध्ये हिरोने चालवलेली भली मोठी मशीनगनही आहे. लहान, मध्यम, मोठ्या अशा तिन्ही मापांत मिळते. एक घेतली तर दोनशे, जोडी घेतली तर साडेतीनशे. परवाना लागत नाही. वर शंभर टक्के कॉटनची हमी मिळते आणि ती हमी छातीवरच्या बंदुकीइतकीच खरी असते.

माल जवळून पाहण्यासारखा असतो. काळा टी-शर्ट, छातीवर आडवी एके-47, तिच्याखाली इंग्रजीत एक धमकी आणि त्या धमकीतलं एक अक्षर गायब. छपाई रबरी. पहिल्या धुण्यात मॅगझिनला तडे जातात, दुसऱ्यात चाप निघून येतो, तिसऱ्यात नळीचं टोक सोलतं. उरलेल्या शस्त्रावर आईने गरम इस्त्री फिरवली की अर्धी बंदूक इस्त्रीला चिकटते आणि नंतर बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटते. निःशस्त्रीकरणाची इतकी स्वस्त योजना संयुक्त राष्ट्रांनाही आजवर सुचलेली नाही.

असा टी-शर्ट घालून एखादा पोट्टा केशोरीच्या चौकात उभा राहिला, तर लोक घाबरतील अशी त्याची भाबडी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पहिला प्रश्न येतो, "कितीले पडला?"

"दोनशेले."

"ठगवला तुले. अर्जुनीले दीडशेत भेटते."

चहाच्या टपरीवरचा शिंपी दोन बोटांत बाही धरतो आणि कापड पातळ असल्याचा निकाल देतो. मिरची निवडत बसलेली आजी डोळे बारीक करून विचारते, "हे का होय रे बावा? फवारणीचा पंप होय का?" आजीचं चुकतं असं म्हणता येत नाही. केशोरीची मिरची दूरवर जाते, आणि मिरचीच्या शेतात वर्षभर खांद्याला अडकवून, नळी पुढे धरून फिरण्याचं यंत्र एकच. पोट्टा समजावून सांगतो की ही बंदूक आहे. आजी म्हणते, "मंग मिरचीले का कामाची?" इथे एके-47 चा विषय संपतो आणि भावाचा विषय सुरू होतो.

परगावच्या माणसाला हे थंडपण नवलाचं वाटतं. नक्षलग्रस्त म्हणून सरकारी कागदात वर्षानुवर्षं नोंद असलेला पट्टा, आणि बंदुकीचं चित्र बघून कुणी दचकत नाही? कारण साधं आहे. 1980 च्या दशकापासून या जंगलात बंदुका दोन्ही बाजूंनी फिरल्या. एकीकडे नक्षलवाद्यांचं दलम, दुसरीकडे पोलीस. शेजारच्या गडचिरोलीत तर 1990 पासून पोलिसांच्या सी-60 ची पथकं. ज्याने खरी बंदूक पाहिली तो छातीवरचं चित्र बघत नाही, हात बघतो. हात रिकामे असतील तर चहा सांगतो.

केशोरीत निकामी ठरलेली ही बंदूक गावापासून जितकी लांब जाईल तितकी जास्त चालते. खऱ्या एके-47 चा परिणामकारक पल्ला तीन-चारशे मीटर सांगतात. छापील बंदुकीचा पल्ला केशोरीत शून्य, अर्जुनी मोरगावच्या स्टँडवर थोडा आणि नागपूरच्या मॉलच्या दारात पुरेपूर. तिथला सुरक्षारक्षक आधी टी-शर्ट बघतो, मग चपला बघतो, मग पिशवी उघडायला लावतो. पिशवीत आत्यासाठी दिलेली किलोभर लाल मिरची निघते. ती हुंगून रक्षकाला ठसका लागतो. त्या दिवशी कुणाला खरोखर इजा झाली असेल तर ती या मिरचीने.

आणखी लांब गेलं तर पल्ला आणखी वाढतो. 2008 साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका प्रवाशाला टी-शर्ट बदलायला लावला होता, कारण त्यावर बंदूक होती. बंदूक 'ट्रान्सफॉर्मर्स'मधल्या यंत्रमानवाच्या हातात होती, आणि तो यंत्रमानवही चित्रातलाच होता. चित्रातल्या पात्राच्या चित्रातल्या बंदुकीला जगातल्या एका मोठ्या विमानतळाने दखलपात्र ठरवलं. आमच्या आजीला तिथे नेमलं असतं, तर तिने टी-शर्ट कितीला घेतला एवढं विचारून प्रवाशाला पुढे सोडलं असतं.

कॅरिबियनमध्ये तर बंदूकही लागत नाही, नुसते ठिपके पुरतात. सोबर्सच्या बार्बाडोसमध्ये आणि लाराच्या त्रिनिदादमध्ये सामान्य माणसाने लष्करी छापाचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे उलट, 8 मार्च 2019 रोजी रांचीत भारतीय क्रिकेट संघाने लष्करी छापाच्या टोप्या घालून ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना खेळला. हेतू उदात्त होता आणि सामन्याची फी जवानांच्या निधीला दिली गेली. सामना मात्र आपण 32 धावांनी हरलो. टोपीवरच्या ठिपक्यांत फलंदाज लपू शकत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

आपला कायदा याबाबतीत शहाणा आहे. तो कपड्याला काही म्हणत नाही, हेतूला म्हणतो. सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून कुणी सैनिकाचा वेष चढवला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हाच दंड पाचशे रुपये होता. म्हणजे महागाई इथेही पोचली. लष्करानेही सावधगिरी बाळगली. 2022 च्या सेनादिनी नवा ठिपक्यांचा लढाऊ गणवेश दाखवला आणि नक्कल होऊ नये म्हणून डिझाइनची नोंदणी केली. पण कायदा हेतू तपासतो तो न्यायालयात. रस्त्यावर हेतू तपासायला वेळ नसतो. तिथे चेहरा तपासतात, आणि खरी गंमत इथून सुरू होते.

केशोरीपासून थोडं वर गेलं की नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प लागतो. 2013 च्या डिसेंबरात तो जाहीर झाला आणि शहरातल्या माणसांना लष्करी छापाची पँट घेण्याचं कायमचं निमित्त मिळालं. पहाटे प्रवेशद्वारावर जिप्सींची रांग बघावी. ठिपक्यांची टोपी, ठिपक्यांचं जाकीट, ठिपक्यांची पँट, ठिपक्यांच्या पिशवीतून बाहेर आलेली तोफेएवढी लेन्स. वाघाला आपण दिसू नये म्हणून ही सगळी तजवीज. मग सहा जण एका उघड्या जिप्सीत बसतात, धूर सोडत जातात आणि वाघ दिसला की "अरे तो बघ!" असं ओरडतात. वाघाला ऐकू कमी येतं आणि रंग चांगले ओळखता येतात, असा जाकीट विकणाऱ्याने त्यांचा समज करून दिलेला असतो. या मंडळींना वाटेत कुणी अडवत नाही. नाक्यावरचा माणूस लांबूनच हात वर करतो आणि म्हणतो, "या साहेब."

तेच जाकीट आता केशोरीकडच्या एखाद्या गोंडाच्या पोराला घाला. जंगल तेच, रस्ता तोच, ठिपकेही तेच, किंबहुना त्याच दुकानातले. फक्त खाली जिप्सीऐवजी सायकल आणि सायकलला मागे मोहाच्या फुलांची चुंगडी. त्याच्या जाकिटाला एकदम आवाज फुटतो. कुठून आला, कुठे चालला, जाकीट कुणी दिलं, आधार कार्ड कुठे आहे, गावातल्या दोघांची नावं सांग. साहेबाच्या अंगावरचे ठिपके निसर्गप्रेम दाखवतात आणि याच्या अंगावरचे ठिपके संशय दाखवतात. म्हणूनच इकडच्या बापांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना हिरवं कापड घेऊ दिलं नाही. जंगलात हिरवं घातलं की एक बाजू तुला दुसऱ्या बाजूचा समजते आणि दुसरी पहिल्या बाजूचा. पांढरं घाल, मळलं तरी चालेल, असा शहाणपणाचा सल्ला असायचा.

आता काळ बदलला आहे. पहाटे केशोरीच्या डांबरी रस्त्यावर भरतीची पोरं धावताना दिसतात, आणि त्यांच्या अंगावर लष्करी छापाच्या ट्रॅक पँट असतात. त्या बंदुकीच्या हौसेने घातलेल्या नसतात. सोळाशे मीटरची धाव, शंभर मीटर, मग गोळाफेक आणि मग लेखी. पोलीस भरतीच्या या रांगेत उभं राहायचं म्हणून ही पोरं अंगावर आधीच नोकरी चढवून घेतात. पगार लागेल तेव्हा लागेल, पँट तरी लागली. बघणाऱ्या म्हाताऱ्यांनाही याचं बरं वाटतं. पूर्वी कपड्याने पोर अडकायचं, आता कपड्याने पोर सुटेल अशी आशा वाटते.

शेजारच्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीकडूनही शिकण्यासारखं आहे. 1972 पासून हे लोक इथे राहतात. खऱ्या बंदुकांसमोरून पळून देश सोडलेल्यांनी आणि त्यांच्या लेकरांनी हिवाळ्यात गावोगाव विकायला लोकरीचे स्वेटर निवडले. बंदुकीचा अनुभव असलेला माणूस धंद्याला काय घेतो आणि नसलेला छातीवर काय घेतो, यातला फरक एवढाच.

2022 मध्ये रानटी हत्तींचा कळप आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आला, धान तुडवून गेला, नागणडोहात झोपड्या मोडून गेला. हत्तींनी एकाही माणसाच्या टी-शर्टवर काय छापलंय ते पाहिलं नाही. कपडे बघून माणसात फरक न करणारा असा पाहुणा इथे बऱ्याच वर्षांनी आला होता. पण त्याला वन विभागाने लवकरात लवकर परत पाठवण्याची व्यवस्था केली, कारण अशी समानता धानाला परवडत नाही.

तेव्हा सरकारने आता वेळ न दवडता एक परिपत्रक काढावं. मसुदा आम्ही विनामोबदला देत आहोत.

नियम 1. छापील बंदूक बाळगणाऱ्याने शस्त्र परवान्यासाठी अर्ज करावा. तीन धुण्यांनंतर शस्त्र आपोआप जमा झाल्याचं समजण्यात येईल. इस्त्रीला चिकटलेल्या भागाची जबाबदारी आईची राहील.

नियम 2. पीक संरक्षणासाठी छापील बंदूक वापरणाऱ्यास वेगळा परवाना लागणार नाही. तथापि रानडुकराने चित्र ओळखलं नाही तर शासन जबाबदार नाही.

नियम 3. बंदुकीखालच्या इंग्रजी धमकीतलं गहाळ अक्षर विक्रेत्याने भरून द्यावं, म्हणजे निदान ती धमकी आहे हे समोरच्याला कळेल.

नियम 4. लष्करी छापाचं जाकीट घालून येणाऱ्या प्रत्येकाची नाक्यावर एकसारखी चौकशी होईल. आधार कार्ड, कुठून आला, कुठे चालला, जाकीट कुणी दिलं आणि गावातल्या दोघांची नावं, हे पाच प्रश्न सर्वांना विचारले जातील.

नियम 5. ज्याच्याकडे जिप्सी आहे आणि जो तोफेएवढी लेन्स बाळगतो, त्याला नियम 4 लागू नाही. त्याला "या साहेब" म्हणावं. सायकलवरून येणाऱ्याने मात्र जाकीट काढून, उलटं करून, हातावर टाकून चालत यावं.

हा पाचवा नियम छापण्याची वास्तविक गरज नाही. त्याची अंमलबजावणी परिपत्रकाची वाट न पाहता कधीपासूनच चालू आहे.