रात्रीच्या थ्री फेज लाईटला खुलं पत्र

लाईटबाई,

तुला नमस्कार करायला हात जुळत नाहीत, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. जळोचीपासून खाली भवानीनगर, इंदापूरपर्यंतच्या ऊसपट्ट्यात माणसांच्या झोपेवर राजरोस दरोडा घालणारी तू आहेस. चोर निदान लपूनछपून येतो. तू वेळापत्रक छापून येतेस आणि तेही पाळत नाहीस.

आमची जळोची आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. रस्त्याच्या एका बाजूला सोसायट्यांच्या जिन्यात रात्रभर दिवे जळतात. दुसऱ्या बाजूला शिवार आहे, आणि तिथल्या मोटरीला तुझी वाट बघावी लागते. शेतीपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री आठ ते दहा तास, चक्राकार पद्धतीनं पुरवठा, हे झालं तुझं कागदावरचं रूप. बांधावर तू वेगळीच असतेस. माणूस घास घशाखाली ढकलतो, गमबूट चढवतो, बॅटरी आणि खोरं घेऊन विहीर गाठतो. स्टार्टरचं बटण दाबलं, पाण्यानं पाट धरला, आणि दारं धरायला तो खोडव्यात शिरतो न शिरतो तोच तू गुल. नाहीतर तीनातला एक फेज गायब, म्हणजे मोटर जळायची धास्ती. पुन्हा अंधारातून विहिरीकडे. घरीही येता येत नाही, कारण पाठ फिरवली आणि तू आलीस तर सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात, आणि सकाळी बांधावर भांडण. त्यात उसात घोणस असते. अलीकडे बिबट्याच्या भीतीचीही भर पडली आहे.

घरातली बाई तेव्हा झोपलेली असते असं वाटतं का तुला? दोनदा फोन उचलला नाही की पोटात गोळा येतो. तिसऱ्यांदा लावताना हात कापतो. आणि पहाटे तोच माणूस लाल डोळ्यांनी, मोटरसायकलवर कॅरेट बांधून जळोचीच्या उपबाजारात भाजी घालायला निघतो.

तुझ्यामुळं त्याचं रक्त तापतं, तो पोरांवर खेकसतो, दिवसभर तंबाखू मळतो. आणि लोक त्याला म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. ताणतणावावर व्याख्यानं होतात तिथं सांगतात, रात्री दहाला झोपा, प्राणायाम करा, सकारात्मक राहा. प्राणायामाला माझी ना नाही. पण रात्री दहाला तू येतेस, त्याचं काय? तुझा दोष त्याच्या स्वभावावर ढकलला जातो, याची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

रॉबर्ट कॅरासेक या संशोधकानं १९७९ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांची माहिती तपासून दाखवलं होतं की कामाचा भार मोठा आणि त्या कामावर स्वतःचा ताबा कमी, असं जिथं असतं तिथं माणूस सर्वांत जास्त पिळला जातो. शेतकरी कष्टाला भीत नाही. भर उन्हात तो दिवसभर उसाची लागण करील. त्याला पोखरतं ते दुसऱ्याच्या हातातलं बटण. एमआयडीसीतल्या कामगाराला निदान आपली पाळी किती वाजता सुटणार हे माहीत असतं, डोक्यावर ट्यूब असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीचं काम बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलं, २०१९ मध्ये फेरतपासणी करूनही ते तिथंच ठेवलं. बांधावरची रात्रपाळी मात्र कुठल्याच हजेरीपटावर नाही.

तुझे वकील म्हणतील, राज्यात चाळीस लाखांहून जास्त शेतीपंप आहेत, सगळे एकदम सुरू झाले तर यंत्रणा कोसळेल. मान्य. म्हणून रात्र शेतकऱ्याच्याच वाट्याला का? २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. बिल गेलं, जागरण राहिलं. दुसरीकडे सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचा फिडर उन्हावर चालवायचा. जिथं ते झालं तिथले लोक दिवसा भिजवतात. म्हणजे तू काही अटळ नाहीस. तुला हटवता येतं, आणि ज्या गावात अजून हटवलेलं नाही तिथं ते राहून गेलेलं काम आहे.

तोवर आम्ही आमच्या परीनं निभावतो. ऑटोस्विच लावून बघितले, पण तू आल्या क्षणी सगळ्यांच्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीच जळते. ज्यानं ठिबक केलं तो सुटला. त्याला दारं धरावी लागत नाहीत, वॉल्व्ह फिरवून घरी येता येतं. बाकीच्यांनी शेजाऱ्याशी जोडी केलीय, एकट्यानं जायचं नाही. आमच्या घरात रात्रीच्या आठवड्यात सकाळी माणसाला कुणी उठवायचं नाही, मग दारात पाहुणा असो की कारखान्याचा चिटबॉय. खिडकीला गोधडी टांगतो, मध्यरात्रीनंतरचा चहा बंद केलाय. एवढं करूनही ज्याला दिवसपाळीच्या आठवड्यातही झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जो बाटलीकडं वळतो, त्याला आम्ही ‘मन घट्ट कर’ म्हणून वाटेला लावत नाही. १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन लावून देतो. मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तुझ्या वेळेला जागं असणारं कुणीतरी तिथं भेटतं.

आता तुला सांगणं एवढंच. दिवसा ये. त्याला वेळ लागणार असेल तर निदान दिलेली वेळ पाळ, आणि मध्येच जाणार असशील तर तासभर आधी मोबाईलवर कळव, म्हणजे भिजवणारा अर्ध्या सरीत अडकणार नाही.

एक शेतकरीण,
जळोची, ता. बारामती