मागच्याला कळवलंच नाही

८५. हा आकडा आधी लक्षात ठेवा.

वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाभोवती ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या सव्वातीन वर्षांत ८५ वेळा प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांच्या अंगावर येता येता राहिली. आडवं अंतर दीड हजार फुटांहून कमी, उभं अंतर दोनशे फुटांहून कमी. ८५ वेळा माणसं सुखरूप उतरली, पट्ट्यावरून बॅगा उचलून घरी गेली. आपण कशातून वाचलो हे त्यांतल्या बहुतेकांना कळलंही नसेल.

मग २९ जानेवारी २०२५ ची रात्र आली.

विचिटाहून आलेलं विमान उतरत होतं. आत ६४ माणसं. त्यांत शिबिरावरून परतणारी, बर्फावर स्केटिंग करणारी पोरं होती, त्यांचे आईबाप होते, प्रशिक्षक होते. नियंत्रकाने वैमानिकांना विचारलं, ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतराल का? ते हो म्हणाले. त्या धावपट्टीकडे जायचं तर पोटोमॅक नदी ओलांडावी लागते आणि नदीच्या काठाकाठाने तेव्हा हेलिकॉप्टरांची वाट जात असे. लष्कराचं ब्लॅक हॉक तिघांना घेऊन त्याच वाटेने चाललं होतं. त्या टप्प्यात त्याने दोनशे फुटांच्या वर यायचं नव्हतं. टक्कर झाली तेव्हा ते पावणेतीनशे फुटांच्या आसपास होतं. दोन्हींतलं कुणीही वाचलं नाही. ६७ जीव गेले.

हेलिकॉप्टर वर आलं म्हणून अपघात झाला, असं म्हणून फाइल मिटवता येईल. पण नकाशा पुढ्यात घेऊन बघा. हेलिकॉप्टर दोनशे फुटांवर, विमान आपल्या ठरलेल्या उतारावर, दोघंही नियमाला धरून. तरी त्यांच्यातलं अंतर काही ठिकाणी जेमतेम ७५ फूट उरत होतं. ७५ फूट म्हणजे सात मजली इमारतीची उंची. रात्रीच्या अंधारात, शहराच्या हजार दिव्यांच्या पार्श्वभूमीवर, एवढ्या फटीतून रोज माणसं ने-आण करणारी वाट कागदावर कुणीतरी आखली होती, कुणीतरी मंजूर केली होती.

विमानात टीकॅस नावाचं यंत्र असतं. समोरून दुसरं विमान येत असेल तर ते ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असा हुकूम देतं. पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली हे हुकूम बंद होतात, कारण तिथे खाली जायला जागाच नसते. उरतो तो फक्त इशारा: ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’. त्या रात्री तो टकरीच्या वीसेक सेकंद आधी वाजला. म्हणजे जिथे गर्दी सगळ्यात दाट, तिथेच यंत्राचा हात आखडता. तिथे मदार माणसावर. आणि त्या रात्री टॉवरमध्ये विमानं आणि हेलिकॉप्टरं, दोन्हींची कामं एकच नियंत्रक सांभाळत होता.

आता त्या ८५ कडे परत येऊ. हा आकडा अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केला. त्याच सव्वातीन वर्षांत एक सागरी मैलाच्या आणि चारशे फुटांच्या आत आल्याचे प्रसंग होते १५,२१४. म्हणजे रोजचे बारा-तेरा. ही माहिती अपघातानंतर जन्माला आली नव्हती. नोंदी आधीपासून दप्तरात पडून होत्या. बेरीज झाली ती ६७ माणसं गेल्यावर. आदल्याच दिवशी, २८ जानेवारीला, त्याच विमानतळावर उतरणाऱ्या एका विमानाला हेलिकॉप्टरमुळे पुन्हा वर जावं लागलं होतं. चोवीस तास आधी दारावर थाप पडली होती.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असं आपण म्हणतो. पण मागचा आपोआप शहाणा होत नाही. पुढच्याने ओरडून सांगावं लागतं आणि मागच्याने ऐकावं लागतं. या दोन्हींतलं एक जरी राहिलं तरी मागचाही त्याच दगडाला ठेचाळतो.

हे वॉशिंग्टनला नवं नाही, म्हणून जास्त राग येतो. १ डिसेंबर १९७४ ला त्याच शहराच्या दुसऱ्या, डलस विमानतळाकडे निघालेलं एक विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. चौकशीत कळलं, की सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच डोंगरावर, अगदी तसंच आदळता आदळता वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलंच नाही.

त्यातून १९७६ मध्ये एक चांगली व्यवस्था उभी राहिली. वैमानिकाने, नियंत्रकाने आपल्या हातून झालेली चूक किंवा डोळ्यांदेखत टळलेला अपघात लिहून कळवायचा. तो अहवाल नियामक संस्थेकडे थेट जात नाही, नासाकडे जातो. नाव काढून टाकलं जातं. मुद्दाम केलेली आगळीक किंवा गुन्हा नसेल आणि वेळेत कळवलं असेल, तर दंड होत नाही. विचार साधा आहे: सांगणाऱ्यालाच फटके बसणार असतील तर कोण सांगेल? पन्नास वर्षांनी त्याच शहरात कळलं, की सांगितलेलं जमा करणं हे निम्मंच काम. ते वाचून नकाशा बदलणं हे उरलेलं निम्मं.

आता आपल्या डोक्यावरच्या आकाशाकडे बघा.

गेल्या पावसाळ्यात मी मुंबईला येत होतो. चाकं बाहेर आलेली. खाली घाटकोपरच्या टेकडीवरच्या घरांची निळी प्लास्टिकं इतकी जवळ, की त्यांच्यावर ठेवलेले टायर मोजता येत होते. एकदम इंजिनं गरजली, पाठ सीटला चिकटली, विमान पुन्हा वर. शेजारच्या आजींनी माझं मनगट घट्ट धरलं. ‘‘अहो, काय झालं हो?’’ दोन मिनिटांनी वैमानिकाने सांगितलं: पुढचं विमान अजून धावपट्टीवर होतं, म्हणून आपण फेरी मारून येतोय. मागून लगेच कुरकुर सुरू झाली. कुणाची मीटिंग होती, कुणाची कल्याणची गाडी. आजी मात्र म्हणाल्या, ‘‘शहाणा आहे पोरगा. थांबायचं कळलं त्याला.’’

आजींना जे कळलं ते यंत्रणेला कळायला हवं. ८ जून २०२४ ला याच मुंबईत एका विमानाची चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा पुढचं विमान त्याच धावपट्टीवरून उड्डाणासाठी धावत होतं. चित्रफीत घरोघर फिरली. चौकशी लागली आणि नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं गेलं. चौकशी होईपर्यंत ते आवश्यकही असेल. पण बातमी तिथेच संपली, तर बाकीच्या नियंत्रकांनी काय शिकायचं? गप्प बसायचं, एवढंच.

दिल्लीजवळच्या चरखी दादरीवर १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीकडे उतरणारं आणि दिल्लीहून चढणारं अशी दोन विमानं एकमेकांवर आदळली. ३४९ जीव गेले. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या विमानांना वेगळ्या वाटा दिल्या गेल्या, टीकॅस सक्तीचं झालं, ते त्यानंतर. धडा शिकलो, पण ३४९ माणसं गमावल्यावर.

आजही आपल्याकडे वाटा एकमेकींजवळून जातात. पुण्याचं लोहगाव हा वायुदलाचा तळ आहे, गोव्याचं दाभोळी हा नौदलाचा. दोन्हीकडे लढाऊ आणि प्रवासी विमानं एकाच धावपट्टीवर, शिस्तीने, वर्षानुवर्षं चालतात. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर एकाच महानगराच्या डोक्यावर दोन विमानतळांच्या वाटा आल्या आहेत. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने सांगितलं, की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात जवळपास निम्मी पदं रिकामी आहेत. नियंत्रकांच्या थकव्याबद्दलही तिने बजावलं आहे. अहवाल लिहिणारे असतील, पण वाचायला माणूस नसेल, तर दप्तरात फक्त कागद वाढतील.

मागणं फार नाही. टळलेल्या प्रत्येक टकरीची नोंद विमानतळानुसार लोकांसमोर ठेवा. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायद्याने अभय द्या. एकाच ठिकाणी तीनदा तेच घडलं, तर चौथ्याची वाट न बघता वाट बदला. रिकामी पदं भरा.

आपल्याकडे म्हणतात, जिवावरचं शेपटावर निभावलं. हे म्हणून आपण देवाला हात जोडतो आणि विसरून जातो. हात जरूर जोडावेत. पण शेपूट कुठे अडकलं होतं, ते लिहूनही ठेवावं. आमच्या त्या पावसाळी फेरीचीही नोंद कुठेतरी झाली असणार. ती कुणीतरी वाचावी, त्या आजींच्या पुढच्या प्रवासाआधी.